नेरळ–माथेरान: गाडी, स्टेशन आणि गाव एका मुक्कामात कसे बसवावे?

वाटसरू७
नोव्हेंबरअखेर एक मुक्काम धरून माथेरान करायचे आहे. बरोबर सत्तरीतली आई. सपाटीवर दोनेक किलोमीटर चालते, चढ झेपत नाही. नेरळहून मिनी ट्रेननेच वर जावे, की टॅक्सीने दस्तुरीपर्यंत, म्हणजे मोटारी जिथे थांबतात त्या नाक्यापर्यंत, जाऊन जवळच्या अमन लॉज स्टेशनातून गावात जाणारी शटल गाडी धरावी? गाडीचा इतिहास मनापासून बघायचा आहे, नुसते पॉइंट मोजायचे नाहीत. आईच्या दृष्टीने गावात काय जमेल तेही सांगा.

छोटी_लाइन
वर जाताना नेरळहून गाडीनेच जा, उतरताना शटल आणि टॅक्सी. दोन्ही वेळा गाडी करायला गेलात तर दिवस डब्यातच जाईल. रूळ सुमारे २१ किलोमीटर वळसे घेत चढतो आणि वर पोचायला अडीच तासांहून जास्त लागतात. टॅक्सी दस्तुरीला वीस-पंचवीस मिनिटांत सोडते.

नेरळला कर्जत किंवा खोपोलीची लोकल लागते, बदलापूरची चालणार नाही. पुण्याहून येणाऱ्या बऱ्याच गाड्या नेरळला थांबत नाहीत, कर्जतला उतरून लोकलने पुढे यायचे. वर जाणाऱ्या गाड्या मोजक्या आणि सकाळच्याच. डबे लहान, जागा थोड्या. म्हणून शनिवार-रविवार टाळा आणि सुटण्याच्या तासभर तरी आधी तिकीट खिडकीवर उभे राहा. वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलते, आदल्या दिवशी बघून घ्या. डब्यात शौचालय नसते, तेव्हा आईंना नेरळलाच जाऊन यायला सांगा. खिडकी डावी मिळाली की उजवी याची चिंता नको. गाडी इतकी वळते की दरी कधी या बाजूला, कधी त्या.

दस्तुरी_नाका
टॅक्सीने जाणाऱ्यांसाठी: टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंतच. पुढे मोटारगाड्यांना बंदी आहे, रुग्णवाहिका आणि अग्निशमन सोडून. नाक्यावर नगरपरिषदेचा प्रवेशकर भरायचा, सुटे पैसे जवळ ठेवा. अमन लॉज स्टेशन तिथून चालत काही मिनिटांवर आहे आणि शटल थेट बाजारात, माथेरान स्टेशनात सोडते. चालत गेलात तर अडीच-तीन किलोमीटर लाल मातीचा रस्ता. आईंनी तो चालत करू नये, शटल चुकली तर ई-रिक्षा किंवा घोडा बघा. जड बॅग हमालाकडे द्या, दर आधी ठरवा.

स्वतःची गाडी आणणार असाल तर सुट्टीच्या दिवशी नको. दस्तुरीचे पार्किंग भरले की रांग घाटात उभी राहते, आणि त्या चढावर थांबत-सुटत गेले की क्लच जळल्याचा वास येतो. उतरताना पहिल्या-दुसऱ्या गिअरवर उतरा, नुसत्या ब्रेकवर नाही.

छोटी_लाइन
आता इतिहास. रेल्वेचे काम १९०४ मध्ये सुरू झाले, १९०७ मध्ये गाडी धावली. पैसा आणि पुढाकार आदमजी पीरभाई कुटुंबाचा. रुळांतले अंतर ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट. चढ काही ठिकाणी विसाला एक, म्हणजे वीस मीटर पुढे गेले की एक मीटर वर. एवढ्या तीव्र चढावर आणि वळणावर साधे इंजिन रूळ सोडेल, म्हणून जर्मनीच्या ऑरेन्स्टाइन अँड कोपेलची खास इंजिने आणली. सहा चाके, पण पुढच्या आणि मागच्या जोडीचा आस पोकळ नळीत बसवलेला. वळणावर ती चाके आडवी सरकतात, मधली जोडी जागची हलत नाही. नेरळला एक जुने वाफेचे इंजिन ठेवले आहे. त्याच्याजवळ वाकून पुढची चाके बघा, मग वर जाताना प्रत्येक वळण वेगळे कळते.

वाटेतली स्टेशने जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज. वॉटर पाइपचे नाव इंजिनाला पाणी भरायच्या जागेवरून. सबंध मार्गावर एकच बोगदा, ‘वन किस टनेल’, नावाइतकाच आखूड, त्यामुळे कॅमेरा आधीच तयार ठेवा.

वाटसरू७
दोन शंका. पावसाळ्यात गाडी बंद आणि शटल मात्र चालू, हे कसे? आणि रुळाच्या कडेने चालत उतरणारे लोक दिसतात, ते योग्य आहे का?

छोटी_लाइन
अमन लॉज ते माथेरान हा भाग पठारावर आहे, तिथे दरड कोसळायला वर कडाच नाही. खाली नेरळकडे मात्र रूळ डोंगर कापून काढलेल्या कडेवर आहे. पावसात वरून दरड येते आणि खालून रुळाची खडी-माती वाहून जाते. जुलै २००५ च्या पावसाने मार्ग असाच उखडला, गाडी २००७ मध्ये पुन्हा धावली. २०१६ च्या मे महिन्यात डबे घसरल्यावर ती पुन्हा थांबली. २०१९ च्या पावसानंतर नेरळपासूनची गाडी थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. म्हणून नोव्हेंबर ठीक, पण पाऊस लांबला तर आधी खात्री करा.

रुळावरून चालू नका. कटिंगमध्ये अंग चोरून उभे राहायलाही जागा नसते, आणि उतारावर गाडी पटकन थांबत नाही.

जांभूळबन
गावाबद्दल. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट इथे चढला आणि वस्तीची सुरुवात झाली. उंची सुमारे ८०० मीटर. जुन्या पारशी बंगल्यांचे कौलारू व्हरांडे आणि जांभ्याच्या भिंती रस्त्यावरूनच बघा, बरेचसे खासगी आहेत.

आईंसाठी: पहिल्या दुपारी शार्लट लेक आणि काठचे पिसारनाथाचे देऊळ. तिथवर घोड्याने जा आणि काठी घ्या, कारण वाटेत झाडांची मुळे वर आलेली आहेत. तलावाजवळचे लॉर्ड आणि इको पॉइंट त्याच फेरीत होतात. खंडाळा पॉइंट बाजाराला जवळ, तो दुसऱ्या सकाळी. पॅनोरमा उत्तर टोकाला, खूप लांब. तुम्ही एकटे पहाटे जाऊन या.

सूर्यास्ताला पॉर्क्युपाइन पॉइंट, समोर प्रबळगड. परतताना झाडीत लगेच अंधार होतो, टॉर्च घ्याच. माकडे प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज ओळखतात, चिक्की बॅगेच्या आत चेन लावून ठेवा. बूट पकड असलेले हवेत: घोड्यांच्या टापांनी जांभ्याची भुकटी होते आणि उतारावर तीच पायाखालून सरकते.