परदेशात बायकांकडून शिकलेली हातची कला : तुमचे अनुभव लिहा

फिरायला गेलेल्या देशात तिथल्या बाईशेजारी बसून काही विणलंय, रंगवलंय, शिवलंय का? तर इथे लिहा. खरेदीचं नको, शिकण्याचं लिहा. आपल्या मराठवाड्यात पैठणी आहे, हिमरू कापड आहे, बंजारा तांड्यांवरचं भरतकाम आहे, घरोघरी वाकळ आहे. त्यामुळे तिकडचं काम बघताना आपली नजर कोरी नसते. मला तेच वाचायचंय. सुरुवात मी करते.

छत्रपती संभाजीनगरहून

इंडोनेशियात जोगजकार्ताजवळ गिरिलोयो नावाचं गाव आहे. तिथल्या बायका हाताने बाटिक करतात, म्हणजे कापडावर मेणाने नक्षी काढून ते रंगवतात; मेणाखाली रंग चढत नाही. चौकटीवर कापड टाकलेलं, शेगडीवर मेण वितळतंय आणि भोवती ठेंगण्या स्टुलांवर बायका. हातात चांटिंग : दांडा, पुढे तांब्याची इवलीशी वाटी, तिला बारीक तोटी. मेण भरलं की तोटीवर फुंकर मारायची, नाहीतर ती बुजते. मेण फार तापलं तर रेघ पसरते. निवलं तर ते कापडात मुरत नाही आणि खालून रंग शिरतो. मला शिकवणाऱ्या आजी मेणाकडे नुसतं बघून आच कमी करायच्या. एक बाजू झाली की कापड उलटून पुन्हा त्याच रेघांवर मेण! पैठणीही दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, पण ते विणतानाच साधतं. युनेस्कोने २००९ मध्ये या कलेला वारसा यादीत घेतलं. दुकानात छापील कापड 'बाटिक' म्हणून सर्रास विकतात, म्हणून घेताना उलटी बाजू बघा.

धाराशिवहून

लेकीकडं जपानला गेले होते. नातवासाठी नेलेली वाकळ गॅलरीत वाळत घातली होती, ती बघून शेजारच्या बाई दारात आल्या. त्यांनी आपलं साशिको दाखवलं. निळ्या कापडावर पांढरा दोरा, आणि टाका आपला धावदोराच. रीत मात्र निराळी. आपण सुई पुढं सरकवत जातो. त्या सुई जवळजवळ जागेवर ठेवतात आणि कापड खालीवर हलवत सुईवर चढवतात. तळहाताशी चामड्याचं टोपण, सुईचं बूड तिथं टेकलेलं. सुई भरली की दोरा ओढायचा अन् लगेच बोटांच्या चिमटीत कापड निपटायचं, म्हणजे चुणी राहत नाही. वाकळीला चुण्या पडतातच, मला त्या आवडतात.

उत्तर जपानच्या थंडीत शेतकऱ्यांच्या घरच्या बायका जुन्या कापडांचे थर असेच शिवायच्या. जुनेर टाकायचं नाही, हे माझ्या आईचंही सांगणं. लेक कामावर गेली की आम्हा दोघींना भाषा नसायची, हातवाऱ्यांवर भागायचं. मीही त्यांना वाकळ शिकवली : लुगड्याचे थर कसे अंथरायचे, आधी कच्चे टाके कुठं घालायचे. लुगडं जुनंच का घ्यायचं, हे मात्र त्यांना सांगावं लागलं नाही.

बीडहून

भूतानला कमरेच्या मागावर बसले. ताण्याचं एक टोक भिंतीला, दुसरं आपल्या कमरेच्या पट्ट्याला. ताण धरायचा पाठीनं, सैल सोडायचा तोही पाठीनं. वीतभर होईतो कंबर बोलायला लागली. तिथल्या बायका दिवसदिवस बसतात.

किनवटहून

माझी याडी, म्हणजे आई, तांड्यावर वाढली. फेटिया (घागरा), काचळी (चोळी), त्यावरच्या कवड्या, आरसे तिच्या हातचे. व्हिएतनामच्या सापा गावात ह्मोंग जमातीच्या बायकांचे चुण्यांचे घेरदार घागरे बघून मला तीच आठवली. त्यांचं सूत भांगेच्या जातीच्या झाडाच्या सालीचं. सालीचे तंतू टोकाला टोक जोडत जातात. रस्त्यानं चालतानाही बोटं थांबत नाहीत. कापडावर मधमाशीच्या मेणाची नक्षी, मग नीळ : बुडवायचं, वाळवायचं, पुन्हा बुडवायचं, मनासारखा गडद रंग येईपर्यंत. उकळत्या पाण्यात मेण सुटलं की नक्षी उघडी पडते. मला शिकवणाऱ्या बाईंचे हात निळेच होते.

मला एक मनापासून सांगायचंय. आमच्या तांड्यावर येऊन असं शेजारी कुणी बसत नाही. फोटो काढतात, जुना फेटिया विकत मागतात आणि जातात. किनवट-माहूरकडे याल तेव्हा शिकायलाही या. याडीच्या पिढीच्या हातात हे काम अजून आहे.

लातूरहून

पैशांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. उझबेकिस्तानात बुखाऱ्याला आमच्या सहलवाल्यांनी 'सुझनी शिका' म्हणून वेगळे पैसे घेतले. सुझनी म्हणजे तिकडचं भरतकाम केलेलं मोठं कापड. शिकवणाऱ्या ताईंना दुभाष्यामार्फत विचारलं, तर त्यातले फार थोडे त्यांना मिळणार होते. दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले, पैसे त्यांच्या हातात दिले, आणि मग निवांत शिकले. सुझनीचे अरुंद पट्टे आधी कच्चे जोडतात, त्यावर नक्षी काढतात आणि मग उसवून वेगवेगळ्या बायका एकेक पट्टा भरतात. पुन्हा जोडताना फुलं जराशी सरकतात. जुन्या सुझनीत ही सरक नीट दिसते, त्यावरून किती हात लागले असतील ते कळतं.

जाणार असाल तर शिकवणीचे पैसे आधी ठरवा, घासाघीस करू नका, सुई-दोराही त्यांच्याकडूनच घ्या. बुखाऱ्याला कुणी निघालं असेल तर मला विचारा, त्या ताईंकडे कसं जायचं ते सांगते.