'कॅश कोहेरन्सी'ला मराठीत काय म्हणावं?

हिंजवडीत स्टोरेज ड्रायव्हरचं (डिस्क, कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) काम करते. नव्या मुलांसाठी मराठीत टिपण लिहितेय आणि 'कॅश कोहेरन्सी'पाशी अडलेय. कॅश म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी; मुख्य मेमरीतल्या मजकुराच्या प्रती तिच्यात असतात. 'सुसंगती' लिहिलं होतं, पण 'कन्सिस्टन्सी'लाही तोच शब्द वापरतात. एकाच पत्त्यावरच्या मजकुराच्या सगळ्या प्रती जुळणं ही कोहेरन्सी. वेगवेगळ्या पत्त्यांवर लिहिलेलं इतरांना कोणत्या क्रमाने दिसतं, ती कन्सिस्टन्सी. 'फ्लश'लाही, म्हणजे कॅश रिकामी करण्यालाही, शब्द हवाय.

—

'एकवाक्यता' घ्या. मूळ मीमांसेतला शब्द, पण 'साक्षीदारांच्या जबाबात एकवाक्यता नाही' असं आपण सहज म्हणतो. इथेही मेमरी एक सांगते, कॅश दुसरंच. कॅशला मात्र कॅशच राहू द्या. 'साठा' म्हटलं की गोदाम डोळ्यांपुढे येतं.

—

एकवाक्यता पटलं. फ्लशचं जरा सविस्तर सांगते, कारण त्या एका शब्दापायी माझे चार दिवस गेले. एआरएम प्रोसेसरच्या बोर्डावर कार्डातून 512 बाइटांचा सेक्टर वाचायचा होता. बफर (मजकूर घ्यायची मेमरीतली जागा) आधी शून्यांनी भरून ठेवलेला. डीएमएने (प्रोसेसरला मध्ये न घेता मजकूर ने-आण करणाऱ्या हार्डवेअरने) मजकूर थेट मेमरीत टाकला, प्रोसेसरला मात्र कॅशमधली शून्यंच दिसत होती. पीसीवर हार्डवेअर स्वतः पाळत ठेवतं, म्हणून तोच कोड तिथे बिनबोभाट चाले. मी डीएमए संपल्यावर कॅश 'फ्लश' केली. हेक्स डंप (बफरमधले बाइट आकड्यांत छापून) काढला, तर मजकुरात मधूनमधून 64-64 बाइटांचे शून्यांचे पट्टे! कॅशमधल्या ओळी (64 बाइटांचे तुकडे) मेमरीत लिहिल्या गेल्या आणि आलेला सेक्टरच पुसला गेला. मला टाकून द्यायच्या होत्या, मी लिहून ठेवल्या. 'फ्लश' दोन्हीला म्हणतात.

—

ताई, माझे वडील गुलटेकडीच्या मार्केट यार्डात दिवाणजी होते. रोजकीर्दीतली नोंद खतावणीत चढवणं म्हणजे 'खतावणे'. कॅशमधलं मेमरीत उतरवणं हेच की! आणि टाकून देणं म्हणजे 'बाद करणे'. डिस्कवर लिहिताना आधी खतावा, मग डीएमए सुरू करा. वाचताना डीएमएच्या आधी बाद करा, नाहीतर कॅशमधली जुनी नोंद मध्येच खतावली जाऊन नव्या मजकुरावर पडेल. डीएमए संपल्यावर पुन्हा बाद करा, कारण प्रोसेसर मधल्या वेळात अंदाजाने ओळ आधीच उचलून ठेवू शकतो. लिनक्समध्ये बफर डीएमएच्या हवाली (मॅप) करताना मजकुराची दिशा, डिस्ककडे की डिस्ककडून, सांगावी लागते ती यासाठीच.

—

'खतावणे' फार आवडलं! घेतेच. त्याने एक इशाराही नीट लिहिता आला: ओळ बाद होते ती अख्खी. 512 बाइटांचा बफर ओळीच्या मधूनच सुरू झाला तर आठऐवजी नऊ ओळी लागतात, आणि दोन्ही टोकांना शेजारच्या व्हेरिएबलच्या अजून न खतावलेल्या नोंदीही बाद होतात. म्हणून टिपणात आता असं आहे: 'बफर ओळीच्या सुरुवातीलाच ठेवा, आणि त्याच्या ओळीत दुसऱ्या कुणाला जागा देऊ नका.'