बी विंगची लिफ्ट आणि गुडघ्याच्या सुया

सुजाता (बी ४०२): नमस्कार. नाव घेत नाही पण रविवारी खाली बाकावर आमच्या आईंना जे सांगितलं गेलं त्यावरून आज घरात वाद झाला. त्यांनी गुडघ्याचे व्यायाम बंद केलेत, म्हणतात ॲक्युपंक्चर (सुया टोचून उपचार) घेणार, आता व्यायामाची गरज नाही. कृपया कुणाच्या दुखण्यावर असं सांगत जाऊ नका.

देशपांडे काका: नाव घेतलंस तरी चालेल, मीच सांगितलं. व्यायाम सोडा असं मी म्हटलेलं नाही. मला दहा सिटिंगमध्ये फरक पडला एवढंच बोललो.

शैलाताई: साईड इफेक्ट नाही ना, मग काय हरकत आहे 🙏

प्रकाश (बी ३०४): बी विंगची लिफ्ट सहा दिवस बंद आहे, गुडघे त्यानेच गेलेत सगळ्यांचे

मृणाल (फिजिओ): काका तुम्हाला बरं वाटलं ते खरंच आहे, त्यावर शंका नाही. पण कशाने वाटलं हे बघायला हवं. जर्मनीत २००६ मध्ये १००७ पेशंटची चाचणी आली, गुडघेदुखीचे. व्यायाम, गोळ्या सगळ्यांनाच होत्या. एका गटाला वर ठरलेल्या बिंदूंवर सुया, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर टोचल्या, तिसऱ्याला नुसत्या डॉक्टरांच्या भेटी. २६ आठवड्यांनी चांगला फरक पडलेले पहिल्यात ५३ टक्के, दुसऱ्यात ५१, तिसऱ्यात २९.

देशपांडे काका: बघा! ५३ आणि २९. तुम्हीच सांगताय.

मृणाल: अहो पण मधले ५१ बघा ना! भलत्या जागी टोचूनही तेवढाच आराम. आणि तिसऱ्या गटाला माहीत होतं आपल्याला सुया मिळालेल्या नाहीत.

कुलकर्णी सर: एकच बाजू नको. अमेरिकेत २००४ ला ५७० जणांवर केलेल्या चाचणीत खऱ्या सुया खोट्यांपेक्षा सरस ठरल्या होत्या.

मृणाल: बरोबर सर, ठरल्या होत्या. पण सगळ्या चाचण्या एकत्र मांडल्या की खऱ्या-खोट्यातला फरक इतका लहान निघतो की पेशंटला तो जाणवेलच असं नाही.

प्रकाश (बी ३०४): खोटी सुई टोचली तर माणसाला कळत नाही?? 😄

मृणाल: चांगला प्रश्न. नाटकातल्या खंजिरासारखी सुई असते, टोक बोथट, दाबली की दांडीत सरकते, टोचल्याचा भास होतो. पण टोचणाऱ्याला माहीत असतंच, त्याच्या बोलण्यातून पेशंटला कळू शकतं. म्हणून ऑस्ट्रेलियात २०१४ ला २८२ जणांच्या चाचणीत एका भागात सुईऐवजी लेझर वापरला, यंत्रच असं लावलं होतं की लेझर चालू आहे की बंद हे उपचार करणाऱ्यालाही कळू नये. १२ आठवड्यांनी सुया काय, लेझर काय, बंद लेझरपेक्षा सरस नाहीत.

शैलाताई: साईड इफेक्ट नाही ना मग काय हरकत आहे 🙏

सुजाता (बी ४०२): शैलाताई तुम्ही हेच परत लिहिताय. आईंना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे!

मृणाल: मग डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुया नकोतच. एरवी थोडं रक्त, काळानिळा डाग एवढंच होतं बहुतेकदा, मोठा धोका क्वचित. मला भीती सुयांची नाही हो, व्यायाम सुटण्याची आहे. ब्रिटनमध्ये २००७ ला व्यायामाला सुयांची जोड देऊन पाहिली, ६ महिन्यांनी दुखणं काही जास्तीचं कमी झालं नाही. मांडीचे स्नायू बळकट झाले की झिजलेल्या गुडघ्याला आधार मिळतो, ते काम सुई करत नाही.

देशपांडे काका: म्हणजे माझं दुखणं मनाचं होतं असं म्हणायचंय का तुम्हाला

मृणाल: अजिबात नाही काका!! दुखणं खरं, आरामही खरा. अमेरिकेतल्या २०१० च्या एका चाचणीत तर टोचणाऱ्याने "नक्की बरं वाटेल" असं धीर देऊन सांगितलं त्या पेशंटचं दुखणं जास्त कमी झालं, सुई खरी असो वा खोटी. तुम्ही आईंशी बोललात तसंच.

सेक्रेटरी: लिफ्टचा माणूस उद्या ११ ला येतोय. ग्रुपवर शांतता ठेवावी.

प्रकाश (बी ३०४): हे मागच्या सोमवारी पण लिहिलं होतं

सुजाता (बी ४०२): काका राग मानू नका. आई माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात.

देशपांडे काका: सकाळी येतो वर. व्यायाम चालू ठेवा असं मीच सांगतो त्यांना. पण मला फरक पडला हेही सांगणार.

मृणाल: सांगा की. आणि काका, चार मजले आहेत, कठडा धरून या. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.