मदत हवी आहे: सर्व्हर तेवढेच, तरी देखरेख सेवेचे बिल नऊपट कसे आले?

दूधसंकलन (धागाकर्ता)
आमच्या पाच जणांच्या चमूने दूध संघांसाठी संकलनाचे सॉफ्टवेअर केले असून ते क्लाउडवरील सहा सर्व्हरवर चालते. त्यांच्यावर लक्ष ठेवायला वापरानुसार पैसे आकारणारी एक सेवा घेतली आहे. तिचे बिल दरमहा साडेदहा हजारांच्या आसपास येत असे. या वेळी ९४,००० रुपये आले. सर्व्हर सहाच आहेत आणि संकलन केंद्रेही वाढलेली नाहीत. मग वापर वाढला कुठे? शुक्रवारी भागीदारांना उत्तर द्यायचे आहे, तेव्हा कृपया लवकर सांगावे.

रात्रपाळी
बिलातील ओळी दिल्याशिवाय नेमके सांगता येणार नाही. सर्व्हरची संख्या, आत आलेल्या लॉगचे (सॉफ्टवेअरने लिहिलेल्या नोंदींचे) जीबी, ते किती दिवस ठेवले, किती कस्टम मेट्रिक्स (आपण स्वतः ठरवलेली मोजमापे) पाठवली आणि शोध घेताना किती डेटा चाळला, या प्रत्येकाची मोजणी अशा सेवांत वेगळी असते. कोणती ओळ फुगली आहे? गेल्या दोन महिन्यांत कोडमध्ये काय बदलले?

लॉगवही
माझ्या अनुभवात दहापैकी आठ वेळा दोष लॉगचाच असतो. कोणीतरी अडचण शोधताना डिबग पातळी (अगदी बारीकसारीक नोंदी) चालू करतो आणि ती बंद करायची राहून जाते. ॲमेझॉनच्या क्लाउडवॉच या देखरेख सेवेचे उदाहरण घ्या: उत्तर व्हर्जिनिया विभागात लॉग आत घेण्याचा जाहीर दर जीबीमागे ०.५० डॉलर आहे, तर साठवणुकीचा दरमहा ०.०३ डॉलर. म्हणजे जुने लॉग पुसून फारसे वाचत नाही, मुळात कमी लिहिले तरच वाचते. तरीही मुदत ठरवून द्याच, कारण ती दिली नाही तर तेथे लॉग कायमचे राहतात.

घरचासर्व्हर
या मोजमापाच्या फंदात पडताच कशाला? मोजमापे गोळा करणारे प्रोमेथियस आणि त्यांचे आलेख दाखवणारे ग्राफाना स्वतःच्या मशीनवर बसवा. प्रोमेथियस २०१२ साली साउंडक्लाउडमध्ये सुरू झाले, ते मुक्त आहे आणि मेट्रिकमागे पैसे मागत नाही. आम्ही चार वर्षे तेच वापरतो.

रात्रपाळी
पैसे मागत नाही, पण मेमरी मागते. टाइम सिरीज (एकेका मोजमापाच्या वेळेनुसार नोंदी) बेसुमार वाढल्या की तेच मशीन कोलमडते, आणि पहाटे पाचला ते उठवायला पाच जणांपैकी कोणाला तरी उठावे लागते. मूळ कारण कळल्याशिवाय स्थलांतर सुचवणे मला योग्य वाटत नाही.

हिशेबनीस
सेवा परदेशी कंपनीची असेल, तर रिव्हर्स चार्जने १८ टक्के आयजीएसटी तुम्हालाच भरावा लागतो. नोंदणी असल्यास त्याचे इनपुट क्रेडिट नियमांनुसार मिळते. तेवढे तपासून घ्या.

दूधसंकलन
करासंबंधीचा प्रश्न नव्हता, तरी नोंद घेतली. बिल उघडून पाहिले: सर्व्हर ६, बदल नाही. लॉगही जवळपास तेवढेच. ‘कस्टम मेट्रिक्स, महिन्याची सरासरी’ या ओळीत मात्र २४० च्या जागी ९,८६० असा आकडा आहे. आम्ही तर एकही नवीन मेट्रिक केलेले नाही. विनंतीला किती वेळ लागला, एवढे एकच मोजतो.

रात्रपाळी
तुमच्या दृष्टीने ते एक आहे. सेवा मात्र लेबलांच्या (मोजमापाला लावलेल्या सर्व्हर, एपीआय अशा खुणांच्या) प्रत्येक वेगळ्या जोडणीला स्वतंत्र मेट्रिक धरते. सहा सर्व्हर, आठ एपीआय (सॉफ्टवेअरला विनंती करण्याची ठिकाणे) आणि पाच प्रतिसाद कोड (विनंतीचा निकाल सांगणारे क्रमांक) असतील तर २४०. आता सांगा, त्या मेट्रिकला नवे लेबल कोणी जोडले आहे का?

दूधसंकलन
होय. कोणत्या केंद्रावर फॅट-एसएनएफ (दुधातील स्निग्धांश व इतर घन घटक मोजणाऱ्या) मशीनची नोंद उशिरा पोहोचते, हे एका संघाला हवे होते, म्हणून मागील महिन्याच्या मध्यावर केंद्र क्रमांक जोडला. एका ओळीचा बदल असल्याने तो सांगण्यासारखा वाटला नाही. केंद्रे ९०० आहेत. पण संकलन सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तासच चालते, मग दिवसभराचे पैसे कसे?

रात्रपाळी
हेच कारण आहे. २४० गुणिले ९०० म्हणजे कमाल २,१६,००० जोडण्या. प्रत्येक केंद्र दोन-तीनच एपीआय वापरते आणि प्रतिसाद बहुतेक वेळा २०० (यशस्वी) असतो, म्हणून तुमचा आकडा त्याहून खूप कमी आहे. दिवसभराचे पैसे यासाठी, की प्रोमेथियस धर्तीची लायब्ररी एकदा तयार झालेली सिरीज प्रोसेस पुन्हा सुरू होईपर्यंत धरून ठेवते. पहाटेचे संकलन संपते, कॅन चिलिंग सेंटरला जातात, तरी त्या केंद्राचा तोच आकडा पुन्हा पुन्हा पाठवला जात राहतो. आणखी एक: ९,८६० ही महिन्याची सरासरी आहे आणि लेबल अर्धाच महिना होते. ते राहू दिले तर पुढचे बिल सुमारे दुप्पट येईल. आजच काढा.

लॉगवही
केंद्र क्रमांक लॉगमध्ये लिहा. समजा, केंद्रामागे प्रत्येक वेळी ८० शेतकरी. ९०० केंद्रे, दोन वेळा, म्हणजे दिवसाला १,४४,००० ओळी. ओळ ५०० बाइटची धरली तर महिन्याला साधारण २.२ जीबी. वर दिलेल्या दराने हे डॉलरभराचे काम आहे. फक्त तुमची सेवा जीबीबरोबर ओळींच्या संख्येवरही आकारणी करते का, हे आधी पाहा. काही सेवा करतात.

घरचासर्व्हर
लेबलाचा मुद्दा मान्य आहे. तरीही दररोजच्या वापराचा इशारा लावता येत नसेल, तर ती सेवा सोडावी असेच माझे मत आहे.

दूधसंकलन
काल रात्री अकराला लेबल काढून सहाही सर्व्हरवरील प्रोसेस पुन्हा सुरू केल्या. सकाळी सातला, ऐन संकलनात, वापराच्या पानावर आकडा २४० होता. ओळींवरही आकारणी आहे, म्हणून केंद्र क्रमांक फक्त दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेणाऱ्या विनंत्यांच्याच लॉगमध्ये लिहीत आहोत. संघाला तेवढेच हवे होते. ५०० च्या वर गेल्यास इशारा येईल अशी सोयही सापडली. चालू महिन्याचे नऊ दिवस मात्र मोजले गेले आहेत. अशा चुकीसाठी कोणाला सवलत मिळाली आहे का?

रात्रपाळी
आम्हाला एकदा मिळाली होती, निम्म्या रकमेची. लेबल जोडल्याची आणि काढल्याची तारीख, तसेच वापराचा आलेख सोबत जोडून बिलिंग विभागाला लिहा. पैसे भरण्याची मुदत संपण्यापूर्वी लिहा.