एडिंबरात नोकरी, घर नेमकं कुठे पाहावं? (अपडाऊन आठवड्यातून ३ दिवस)

प्रतापनगरकर

नमस्कार मंडळी. जुलैत नागपूरहून एडिंबराला जायचं आहे, नोकरीचा व्हिसा हातात आला आहे. ऑफिस एडिंबरा पार्क भागात, आठवड्यातून ३ दिवस हजेरी सक्तीची. सोबत बायको आणि ७ वर्षांची मुलगी. दोन बेडरूम हव्या आहेत आणि भाडं महिना १,३०० पाउंडांच्या वर झेपणार नाही. पहिलं वर्ष गाडी घेणार नाही. नकाशा पाहून लिव्हिंगस्टन, डनफर्मलिन, लिनलिथगो आणि मसलबरा ही चार नावं काढली आहेत. ऑफिसपासून चारही साधारण २० किलोमीटरच्या आसपास दिसून राहिली आहेत, म्हणून निवड कशावर करायची तेच कळेना. शहरातच राहावं का? जाणकारांनी जरा खुलासेवार सांगावं.

अजनी_लाईन

भाऊ, किलोमीटर बाजूला ठेवा. आधी लाइन ठरवा, गाव मागाहून. वर्धेहून अपडाऊन करणारा माणूस अंतर सांगत नाही, गाडी सांगतो. इथेही तेच आहे.

एडिंबरात दोन मोठी स्टेशनं, वेव्हर्ली आणि हेमार्केट. वेव्हर्ली म्हणजे आपलं नागपूरचं मेन स्टेशन, हेमार्केट म्हणजे अजनी. पश्चिमेकडून येताना आधी हेमार्केट लागतं, मग वेव्हर्ली. तुमचं ऑफिस हेमार्केटच्याही पाच-सहा किलोमीटर अलीकडे आहे. म्हणजे शहरात शिरायच्या आधीच तुम्हाला उतरायचं आहे, आणि तिथेच खरी मेख आहे. त्या बाजूने वेगवेगळ्या लाइनी येतात आणि प्रत्येकीची थांबायची जागा वेगळी.

बाथगेट लाइन एडिंबरा पार्क स्टेशनवर थांबते. आर्माडेल, बाथगेट, लिव्हिंगस्टन नॉर्थ आणि अपहॉल ही स्टेशनं हिच्यावर. लिव्हिंगस्टन नॉर्थहून एडिंबरा पार्क पाव तासाच्या आसपास, गाडी बदलणं नाही. तुमच्यासाठी सगळ्यात सरळ मार्ग हाच.

पण लिव्हिंगस्टनला दोन स्टेशनं आहेत, आणि घराच्या जाहिरातीत नुसतं ‘स्टेशनजवळ’ लिहिलेलं असतं. लिव्हिंगस्टन साउथ हे शॉट्स लाइनवर आहे. ती गाडी कर्कन्यूटन, करीहिल, स्लेटफर्डवरून थेट हेमार्केट गाठते, एडिंबरा पार्कला जातच नाही. म्हणजे ऑफिस ओलांडून शहरात जायचं आणि ट्राम पकडून मागे फिरायचं. डेड्रिज, म्युरिस्टन हे भाग साउथजवळचे. डीन्स, एलिबर्न, कार्मंडीन हे नॉर्थजवळचे. घर या दुसऱ्या भागातच पाहा.

डनफर्मलिन फाइफ या भागात, फोर्थ नदीच्या पलीकडे. फाइफच्या गाड्या एडिंबरा पार्कवर येत नाहीत, त्यांची वाट एडिंबरा गेटवे आणि साउथ गाइलवरून. तुम्ही गेटवेला उतरून ट्राम घ्यायची. गेटवेनंतर गाइल सेंटर, त्यापुढचा थांबा एडिंबरा पार्क सेंट्रल. दोनच थांबे, दिवसा ट्रामसाठी फार ताटकळावंही लागत नाही. त्यामुळे डनफर्मलिन कागदावर दिसतं तितकं अडचणीचं नाही. फक्त घर डनफर्मलिन सिटी किंवा क्वीन मार्गारेट स्टेशनपासून पायी जाता येईल असं पाहा. इन्व्हरकीथिंग आणि डॅलगेटी बे हीसुद्धा यादीत टाका, दोन्ही फोर्थवरच्या पुलाच्या आणखी जवळ आहेत.

लिनलिथगो सुंदर आहे, पण महाग. डनब्लेनची गाडी लिनलिथगोहून एडिंबरा पार्कला थांबते. मधल्या ग्लासगोच्या जलद गाड्या मात्र बहुतेक थेट हेमार्केटला जातात. घाईत चुकीच्या गाडीत चढलात की ऑफिस खिडकीतून दिसतं आणि मागे पडतं.

मसलबरा खोडून टाका. गाव वाईट नाही, पण ते शहराच्या पूर्वेला आणि ऑफिस पश्चिमेला. वेव्हर्लीत गाडी बदलावी लागेल, आणि तिथलं स्टेशनही गावाच्या मध्यवस्तीपासून दूर, क्वीन मार्गारेट युनिव्हर्सिटीच्या बाजूला आहे. (त्या युनिव्हर्सिटीचा आणि डनफर्मलिनच्या स्टेशनचा फक्त नावापुरता संबंध. नकाशावर शोधताना गफलत होते.)

तिकिटाचं म्हणाल तर स्कॉटरेलने (स्कॉटलंडची रेल्वे कंपनी) १ सप्टेंबर २०२५पासून गर्दीच्या वेळचं जादा भाडं कायमचं बंद केलं आहे. सकाळी ८च्या गाडीला आणि दुपारी १२च्या गाडीला एकच दर. आठवड्यातून तीनच दिवस जायचं असेल तर महिन्याचा पास बहुधा परवडत नाही. महिन्याच्या १२-१३ फेऱ्यांच्या परतीच्या तिकिटांची बेरीज आणि पासाची किंमत शेजारी मांडून पाहा.

महाल_गल्ली

अजनी_लाईन यांचं सगळं बरोबर आहे, पण शहराची बाजूही मांडली पाहिजे. एडिंबरा पार्कच्या अगदी लगत साइटहिल, ब्रूमहाउस, स्टेनहाउस, सॉटन हे भाग आहेत. बँकहेड, सॉटन, बॅलग्रीन या ट्रामथांब्यांच्या आसपास कौन्सिलने (तिथली नगरपालिका) बांधलेली जुनी घरं भाड्याने मिळतात. ती जुन्या शहरातल्या फ्लॅटांपेक्षा स्वस्त पडतात. काही ठिकाणांहून ऑफिस पायी किंवा सायकलवर होतं. १,३००मध्ये दोन बेडरूम अशक्य नाही, पण अशा घरांवर उड्या पडतात. जाहिरात सकाळी आली की संध्याकाळपर्यंत घर पाहणाऱ्यांची यादी भरून बंद होते. एजंटला ईमेल करून स्वस्थ बसू नका, फोन करा.

वहिनींच्या नोकरीचाही विचार आत्ताच करा. तुमच्या व्हिसावर त्यांना काम करता येतं, आणि त्यांची नोकरी शहराच्या मध्यात निघाली तर लिव्हिंगस्टनहून दोघांचं अपडाऊन होईल, त्यात शाळा सुटायची वेळ सांभाळायची. तेव्हा भाड्यात वाचलेले पैसे तिकिटात आणि शाळेनंतर मुलं सांभाळणाऱ्या क्लबात जातात. लीथमधलं हिंदू मंदिर, लीथ वॉकवरची किराणा दुकानं, हे सगळं ट्रामच्या एकाच रुळावर आहे. ट्राम विमानतळापासून न्यूहेवनपर्यंत जाते, लीथचा टप्पा जून २०२३मध्ये सुरू झाला.

धरमपेठ_दुसरा_मजला

मी घराबद्दल लिहितो, कारण गाव बरोबर निवडून घर चुकीचं घेतलं की पहिला हिवाळा फार जड जातो.

जाहिरातीत दोन गोष्टी असायलाच हव्यात: घरमालकाचा नोंदणी क्रमांक आणि घराचा ऊर्जा दर्जा, ए ते जी. नोंदणी क्रमांक स्कॉटिश लँडलॉर्ड रजिस्टरवर टाकून पाहा. पत्ता आणि नाव जुळत नसेल तर पुढे जाऊ नका. नागपुरात बसून, घर न पाहता, कुणी ‘आत्ता डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरने देतो’ म्हणालं तर एक पाउंडसुद्धा पाठवू नका. पहिले तीन-चार आठवडे तात्पुरत्या जागेत काढा आणि घर डोळ्यांनी पाहून घ्या.

डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. ते घरमालकाने स्वतःजवळ ठेवायचं नसतं, ३० कामाच्या दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत जमा करावं लागतं. तशा तीन योजना आहेत, सेफडिपॉझिट्स स्कॉटलंड ही त्यातली एक. अर्जाची फी, कागदपत्रांची फी असं एजंटने काही लावलं तर ते बेकायदा आहे. १ डिसेंबर २०१७पासूनच्या भाडेकरारांना शेवटची तारीख नसते. ११ महिन्यांचा करार ही आपली सवय तिथे चालत नाही. तुम्हाला सोडायचं असेल तर २८ दिवसांची नोटीस पुरते. भाडं वर्षातून एकदाच वाढवता येतं, तेही तीन महिने आधी कळवून. इंग्लंडमधला व्हिसा तपासणीचा घरमालकांचा कायदा स्कॉटलंडला लागू नाही. पण तिथली क्रेडिटची नोंद नसल्याने एजंट जामीनदार मागू शकतो. नोकरीचं पत्र आणि पगाराचा आकडा कंपनीच्या लेटरहेडवर आधीच घेऊन ठेवा.

भाड्याच्या वर कौन्सिल टॅक्स येतो, तो भाडेकरूने भरायचा. घराला ए ते एच असा बँड असतो. तो १९९१च्या किमतीवर ठरलेला आहे, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन घरांचाही बँड वेगळा निघू शकतो. स्कॉटिश असेसर्सच्या साइटवर पत्ता टाकला की कळतो. पाणी आणि सांडपाण्याचा आकारही त्याच बिलात येतो. १,३००चा हिशोब करताना हा आकडा बाहेर ठेवू नका.

आता तापमान. नागपुरात आपण पश्चिमेची भिंत टाळतो, तिथे दक्षिणेची किंवा नैऋत्येची खिडकी शोधायची. डिसेंबरच्या शेवटी पावणेनऊच्या सुमारास उजाडतं आणि पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. हीटिंग गॅसचं आहे की विजेचं, हे पहिल्या फोनवर विचारा. विजेच्या ‘स्टोरेज हीटर’च्या डब्यात जड विटा असतात. त्या रात्रीच्या स्वस्त दरात तापतात आणि दिवसभर ऊब सोडत राहतात. अडचण अशी की संध्याकाळी ६ला तुम्ही घरी येता तेव्हा त्या निवत आलेल्या असतात, मग महागड्या दराची वीज वापरून खोली तापवावी लागते. गॅसचा बॉयलर असेल तर त्याच्या वार्षिक तपासणीचा दाखला मागा.

घर पाहायला जाल तेव्हा खिडकीच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात बोट फिरवा, कपाट ओढून त्यामागची बाहेरची भिंत पाहा. काळे ठिपके म्हणजे बुरशी. नुकताच रंग मारलेला एकच कोपरा असेल तर तिथेही नाक लावा, ओलीचा वास रंगाने जात नाही. आपल्या स्वयंपाकात फोडणी आणि वाफ जास्त, त्यात कपडे घरातच वाळतात. म्हणून गॅसवरच्या चिमणीची नळी बाहेर जाते की नुसती जाळीतून हवा फिरवून परत स्वयंपाकघरात सोडते, ते पाहाच. बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनवर टिश्यू धरा. चिकटून राहिला तर हवा ओढतो, पडला तर नाही.

प्रतापनगरकर

फार मोलाची माहिती, मनापासून आभार. दोन्ही लिव्हिंगस्टनांचा हा फरक मला सापडलाच नसता. आता शाळेचं सांगा. घर आधी की शाळा आधी? आणि गाडीचं लायसन्स?

सक्करदरा_चौक

मुलीच्या शाळेसाठी घर आधी. सरकारी शाळा पत्त्यावरून मिळते. प्रत्येक पत्त्याला ठरलेली शाळा असते, आणि बहुतेक ठिकाणी एक साधी आणि एक कॅथलिक अशा दोन. कौन्सिलच्या साइटवर पिनकोड टाकला की नाव येतं. पण नाव आलं म्हणजे जागा आहेच असं नाही. त्या इयत्तेचा वर्ग भरलेला असेल तर कौन्सिल दुसऱ्या शाळेत पाठवते, आणि ती पायी जाण्याजोगी नसू शकते. म्हणून करारावर सही करण्याआधी कौन्सिलला फोन करून त्या इयत्तेत जागा आहे का, ते विचारा. इयत्ता जन्मतारखेवरून ठरते आणि गट मार्च ते फेब्रुवारी असा धरतात. भारतातली दुसरी झाली म्हणून पुढची तिसरी, असं तिथे होत नाही.

तुम्ही जुलैत जाता, हे लक्षात ठेवा. शाळा जूनच्या शेवटी बंद होतात आणि ऑगस्टच्या मध्यावर उघडतात. मधल्या काळात शाळेच्या ऑफिसात फोन उचलायला कुणी नसतं, कौन्सिलच्या शिक्षण विभागाकडेच जावं लागतं. जन्मदाखला, पासपोर्ट, लसीकरणाची नोंद आणि भाडेकरार हाताशी ठेवा. फी नाही. पहिली ते पाचवीला दुपारचं जेवणही मोफत आहे. शाकाहारी असेल तर नाव घालतानाच लिहून द्या.

एक गोष्ट बऱ्याच जणांना उशिरा कळते: एडिंबरा आणि वेस्ट लोथियनच्या शाळा शुक्रवारी दुपारी लवकर सुटतात. लिव्हिंगस्टन वेस्ट लोथियनमध्येच येतं. ऑफिसच्या तीन दिवसांत शुक्रवार धरू नका, आणि शाळेनंतरच्या क्लबाला पहिल्याच आठवड्यात नाव द्या, तिथे प्रतीक्षा यादी असते.

मुलीचं बसचं कार्ड काढा. जानेवारी २०२२पासून स्कॉटलंडात राहणाऱ्या ५ ते २१ वयाच्या सगळ्यांना बस मोफत आहे. अर्ज पालकांनी करायचा. रेल्वेला ते चालत नाही.

लायसन्स: भारतीय लायसन्सवर तिथे राहायला लागल्यापासून १२ महिने चालवता येतं. त्यानंतर नाही, आणि भारताचं लायसन्स बदलूनही मिळत नाही. लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. गाडी दुसऱ्या वर्षी घ्यायची असली तरी प्रोव्हिजनल (शिकाऊ) लायसन्सचा अर्ज पहिल्या काही महिन्यांतच करा, कारण परीक्षेच्या तारखा लांबच्या मिळतात. ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर गिअरची गाडी चालवता येत नाही, तेही ध्यानात ठेवा. जुनी डिझेल स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. एडिंबराच्या मध्यभागात जून २०२४पासून युरो ६ (धुराच्या प्रदूषणाचा दर्जा) च्या खालच्या डिझेलला आणि युरो ४च्या खालच्या पेट्रोलला दंड होतो.

अजनी_लाईन

फाइफचं एक राहिलं. वाऱ्याच्या दिवशी फोर्थ रोड ब्रिजवर उंच बसना मनाई होते. फेब्रुवारी २०२०मध्ये तर शेजारच्या क्वीन्सफेरी क्रॉसिंगच्या तारांवरून बर्फाचे तुकडे गाड्यांवर पडू लागले म्हणून तो पूलही बंद ठेवावा लागला होता. रेल्वेचा पूल १८९०चा आणि वेगळा आहे. तेव्हा डनफर्मलिन घेतलंत तर बसच्या भरवशावर नको, स्टेशनच्या भरवशावर घ्या.

आणि घर पक्कं करण्याआधी स्कॉटरेलच्या ॲपमध्ये मंगळवारची तारीख टाकून पाहा. सकाळी ८ ते ९मध्ये किती गाड्या आहेत, एक चुकली तर पुढची किती मिनिटांनी, संध्याकाळी साडेपाचनंतर परतीच्या किती, रात्रीची शेवटची कितीची. मग रविवार टाका, तो वेगळाच दिसेल. स्टेशन ते घर हे पायी अंतर पायवाटेवरून मोजा, गाडीच्या रस्त्यावरून नाही. लिव्हिंगस्टनमध्ये पायवाटा रस्त्यांपासून वेगळ्या आणि पुलांखालून जातात. घर पाहायला गेलात की संध्याकाळी एकदा तिथून स्टेशनपर्यंत चालत जा, दिवे कुठे आहेत आणि कुठे नाहीत ते दिसेल.