एथिक्सच्या पेपरात गुण कशाला द्यायचे?

नीतिमत्तेत बरोबर-चूक ठरलेलं नसतं, मग कॉम्प्युटर एथिक्सच्या पेपरात गुण कापायचे कशाच्या आधारावर, असा प्रश्न विचारला जातो. मुलांचीही तीच अपेक्षा असते: दोन पानं मत लिहिलं की पूर्ण गुण. मला हे अजिबात पटत नाही. मी हा विषय शिकवते आणि गुण मताला नाही, युक्तिवादाला देते.

थेरॅक-25 घ्या. 1985 ते 1987 या काळात या किरणोपचार यंत्रानं सहा रुग्णांना किरणांची प्रचंड जास्त मात्रा दिली. त्यातले काही दगावले. 'प्रोग्रामरनं काळजी घ्यायला हवी होती' हे वाक्य जवळपास प्रत्येक उत्तरपत्रिकेत सापडतं. तेवढ्यावर माझ्याकडे काठावर पास. पण आधीच्या मॉडेलमधलं हार्डवेअरचं संरक्षण काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली, बिघाड झाला की पडद्यावर नुसतं 'मालफंक्शन 54' उमटायचं आणि 'पी' दाबलं की यंत्र पुन्हा सुरू व्हायचं, हे सगळं मांडून जी मुलगी ऑपरेटरला दोषमुक्त करते, तिला भरघोस गुण. ऑपरेटरलाही जबाबदार धरणाऱ्याला तितकेच मिळतील, फक्त त्यानं या तपशिलांना उत्तर द्यायला हवं.

मुलांची एक तक्रार मात्र रास्त आहे. निकष त्यांना निकालानंतर कळतात. ते पहिल्याच आठवड्यात, एका तपासलेल्या नमुना उत्तरासकट द्या. शक्य असेल तर पहिला निबंध शेरे मारून परत करा आणि गुण दुसऱ्या मसुद्याला द्या.