लोकेशन सारखं नल (म्हणजे रिकामं) येतंय, तातडीने मदत हवी

चकवा: कॉटलिन भाषेतलं अँड्रॉइड ॲप आहे. गुगलच्या फ्यूज्ड लोकेशन सेवेचं गेट-लास्ट-लोकेशन फंक्शन वापरतोय. सक्सेस लिसनरपर्यंत (यशस्वी उत्तर घेणाऱ्या कोडपर्यंत) येतं, पण लोकेशन नल. परमिशन दिलेली आहे. कृपया लिंका नकोत, सगळ्या वाचून झाल्यात. उद्या डेमो आहे.

खटपट्या: परमिशन नुसती मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या माहिती-फाइलमध्ये) लिहिली की ॲप चालू असताना मागितलीही? फाइन (अचूक) की कोर्स (अंदाजे)? अँड्रॉइड कितवा?

जुना_खांब: नल ही एररच नाही. लास्ट-लोकेशन नवी जागा शोधत नाही, आधी साठवलेली उचलून देतं. फोनचं लोकेशन बंद केलं की तो साठाही पुसला जातो. गेट-करंट-लोकेशन घे, प्रायॉरिटी हाय ॲक्युरसी. तेही नल देऊ शकतं, तपासणी ठेवच.

अर्धविराम: फ्लटर (ॲप बनवायचं दुसरं साधन) घ्या, त्यात जिओलोकेटर पॅकेज टाका, विषय संपला.

जुना_खांब: जिओलोकेटरही खाली हेच बोलावतो. उद्याच्या डेमोसाठी ॲप नव्याने लिहायचं का?

सह्यकडा: करंट-लोकेशनवर विसंबू नका. पहिलं वाचन बरेचदा वायफाय-टॉवरवरचं असतं. रिक्वेस्ट-लोकेशन-अपडेट्स (सतत नवं वाचन मागणं) लावा, ॲक्युरसी ३० मीटरच्या आत आली की रिमूव्ह करा.

जुना_खांब: आणि बंद खोलीत ती ३० च्या आत आलीच नाही तर? जीपीएस चालूच, बॅटरी खल्लास.

सह्यकडा: म्हणून वेळेची मर्यादा घालायची. १५ सेकंदांत जे सर्वांत चांगलं वाचन मिळेल ते घ्यायचं. एवढंही सांगावं लागतं?

चकवा: भांडू नका हो. अँड्रॉइड १३, फाइन मागितली आहे.

खटपट्या: एकटी फाइन? १२ पासून फाइन आणि कोर्स एकाच विनंतीत मागायच्या. तरीही वापरकर्ता ‘अंदाजे’ निवडू शकतो, मग सुमारे ३ चौरस किलोमीटरच्या पट्ट्यातलं कुठलं तरी ठिकाण मिळतं.

नकाशेवाला: बॅकग्राउंडला (ॲप समोर उघडं नसताना) हवं असेल तर अँड्रॉइड १० पासून वेगळी परमिशन लागते, आणि ११ पासून ‘नेहमी’ हा पर्याय सेटिंग्जमध्ये जाऊनच निवडावा लागतो. प्ले स्टोअरला कारणही द्यावं लागतं.

खटपट्या: बॅकग्राउंडचं कोणी विचारलंय? चकवा, फोन कुठला?

चकवा: फोन नाही, एम्युलेटर (संगणकावरचा नकली फोन). त्याने काय फरक पडतो?

खटपट्या: फरक तिथेच आहे! कोऱ्या एम्युलेटरवर कोणी लोकेशन मागितलेलंच नसतं, मग ‘लास्ट’ येणार कुठून? एम्युलेटरच्या एक्स्टेंडेड कंट्रोल्समध्ये लोकेशन उघड, बिंदू ठेव, सेट कर. मग गुगल मॅप्स उघडून निळा ठिपका आला का बघ.

चकवा: एम्युलेटरच्या कन्सोलवरून ‘जिओ फिक्स १८.५२ ७३.८५’ ही कमांड दिली, करंट-लोकेशन लावलं. नल गेला. पण पुण्याऐवजी नॉर्वेच्या वरच्या समुद्रात दाखवतंय!

जुना_खांब: त्या कमांडमध्ये आधी रेखांश, मग अक्षांश. ७३.८५ १८.५२ दे.

चकवा: आलं पुणे.

लिंबूटिंबू: इथेच विचारतो, आयफोनवर परमिशनचा डायलॉगच येत नाही.

खटपट्या: इन्फो-पीलिस्टमध्ये (आयफोन ॲपच्या माहिती-फाइलमध्ये) व्हेन-इन-यूजचं (‘ॲप वापरताना’ परमिशनचं) कारण लिहिलंय का? ते नसेल तर डायलॉग येत नाही. पुढचं नव्या धाग्यात.